अंडी उबवताना कॅन्डलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावठी, गिरीराज, वनराज, कडकनाथ या कोंबड्यांची अंडी घरच्या उबवणी मशीनमध्ये किंवा खुडूक कोंबडीखाली उबवणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे कोंबडीच्या अंड्याचे, म्हणजे 21 दिवसांच्या उबवणीचे आहेत.

कॅन्डलिंग म्हणजे नेमकं काय?

अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला बारीक पण प्रखर उजेड टेकवायचा आणि कवचातून आत काय दिसतं ते बघायचं. एवढंच. पूर्वी हे मेणबत्तीवर व्हायचं, दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेवरही व्हायचं. आता टॉर्चवर होतं.

बघून करायचं काय? 21 दिवसांनी कळणारच आहे की!

कळतं, पण काय चुकलं ते कळत नाही. 30 अंड्यांतून 12 पिल्लं निघाली की घरात एकच वाक्य ऐकू येतं: “कोंबडा कामाचा नाही.” अंडी विकत आणली असतील तर खापर विकणाऱ्यावर फुटतं, मशीन भाड्याचं असेल तर मशीनवाल्यावर. खरं कारण तिसरंच असू शकतं. न निघालेली 18 अंडी मुळात फलितच नव्हती, की तिसऱ्या दिवशी मेली, की अठराव्या दिवसापर्यंत ठणठणीत होती आणि कवचातच गुदमरली? या तिन्हींचे उपाय एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. कोंबडा बदलून आर्द्रतेचा घोळ सुटत नाही.

नासकी अंडी वेळेत बाहेर काढणं हा दुसरा फायदा. खुडूक कोंबडीच्या बाबतीत आणखी एक: फोल अंडी काढली की तिच्या पोटाखालची ऊब जिवंत अंड्यांना मिळते.

उबवायला ठेवण्याआधी कॅन्डलिंग करून अंडं फलित आहे की नाही हे ओळखता येतं का?

नाही. कोणी “बघून फलित अंडी देतो” म्हणत असेल तर त्याला विचारा, नेमकं काय बघून? ताज्या अंड्यातला गर्भाचा ठिपका पिवळ्यावर तीन-चार मिलिमीटरचा पांढुरका डाग असतो. तो टॉर्चने कवचातून दिसत नाही.

तरीही बसवण्याआधी एक फेरी मारावीच. त्यात केसाएवढ्या तडा दिसतात, ज्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दोन बलकांचं अंडं दिसतं, ते बसवू नये. आणि बोथट टोकाशी असणारी हवेची पोकळी कुठल्या बाजूला आहे ते कळतं. गावठी अंड्यांत काही इतकी गोल असतात की बोथट टोक कुठलं आणि निमुळतं कुठलं हेच समजत नाही. असं अंडं ट्रेमध्ये उलटं बसलं, म्हणजे निमुळतं टोक वर आलं, तर पिल्लाचं डोकं हवेच्या पोकळीपासून लांब वाढतं आणि शेवटच्या दिवशी त्याला पहिला श्वास घ्यायला जागा सापडत नाही. पोकळी बघायची, त्या बाजूला पेन्सिलने खूण करायची, ती बाजू वर. स्केचपेन नको, त्याची शाई कवचाच्या छिद्रांतून आत झिरपते.

मग फलित आहे हे खात्रीने कळायचं कसं?

अंडं फोडून. पाच-सहा ताजी अंडी बशीत फोडा आणि पिवळ्यावरचा पांढरा ठिपका बघा. अफलित अंड्यात तो लहान, घट्ट पांढरा आणि कडेने वेडावाकडा असतो. फलित अंड्यात तो थोडा मोठा असतो, त्याची कड नीट गोल असते आणि आत एक फिकट वर्तुळ दिसतं. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की पुन्हा चुकत नाही. ती अंडी वाया जात नाहीत, लगेच त्यांची पोळी करून खा.

एक माहिती जाता जाता: दुकानातली लेयर फार्मची, म्हणजे फक्त खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मची, पांढरी अंडी मशीनला लावून काहीही निघणार नाही. त्या फार्मवर कोंबडेच नसतात. आठवडी बाजारातली गावठी अंडी फलित असू शकतात, पण ती किती दिवसांची आहेत आणि किती उन्हातून आली आहेत हे विकणारालाही माहीत नसतं.

कोणत्या दिवशी बघावं?

सातव्या आणि अठराव्या. मध्ये चौदाव्या दिवशी एकदा बघितलं तर उत्तम, पण मोठी बॅच असेल तर ते सोडलं तरी चालतं. नव्या माणसाला रोज बघायची खाज सुटते. त्यात अंडी हातातून पडण्याचाच धोका जास्त.

पांढऱ्या कवचात चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसतं. गावठी आणि गिरीराजच्या तपकिरी अंड्यात तेव्हा निर्णय घेऊ नये, सातव्या-आठव्या दिवसापर्यंत थांबावं. दिवस मोजताना अंडी ठेवली तो दिवस शून्य धरायचा. सोमवारी संध्याकाळी ठेवली तर मंगळवारी संध्याकाळी एक दिवस पूर्ण होतो. अर्धे वाद इथेच असतात.

बदकाला 28 दिवस लागतात, मस्कोव्ही बदकाला 35, टर्कीला 28, गिनी फाउलला 26 ते 28, जपानी लाव्ह्याला 17-18. त्या हिशोबाने पहिली तपासणी बदक-टर्कीची आठव्या ते दहाव्या दिवशी करावी, लाव्ह्याची सहाव्या दिवशी. लाव्ह्याच्या अंड्यावर इतके काळे-तपकिरी डाग असतात की आतली सावली कुठली आणि बाहेरचा डाग कुठला हे ठरवताना डोळे दुखतात. छंदापुरतं ठीक. धंद्यात लाव्ह्याची अंडी न बघता शेवटपर्यंत ठेवतात.

सातव्या दिवशी काय दिसायला हवं?

हवेच्या पोकळीखाली, साधारण मध्यावर, एक गडद ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती पसरलेल्या लाल शिरा, मध्ये कोळी आणि चारी बाजूंना त्याचे पाय अशा. तो काळा ठिपका बहुतेक वेळा डोळा असतो, कारण या वयात पिल्लाच्या शरीरात सगळ्यात गडद आणि प्रमाणाबाहेर मोठा तोच असतो. अंडं हातात स्थिर धरून पाच-दहा सेकंद थांबा. ठिपका हलतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. अंडं हलकं फिरवलं तर शिरांचं जाळं एकसंध फिरतं, आत सांडल्यासारखं काही वाटत नाही.

हृदय त्याच्या खूप आधी, दुसऱ्या दिवसाच्या अखेरीसच धडधडायला लागलेलं असतं. पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबडीच्या अंड्यात चौथ्या दिवशी, खोली खरोखर काळोखी असेल तर, ती लालसर थरथर कधी कधी दिसते. ती बघायला मिळाली तर मुलांना हाक मारा.

अंडं नुसतं पिवळसर, कोरं दिसतंय. काढू का?

सातव्या दिवशी पांढऱ्या अंड्यात स्वच्छ उजेड आरपार दिसत असेल, बलकाची फक्त पुसट सावली फिरत असेल आणि एकही शीर नसेल, तर काढा. तपकिरी अंडं असेल आणि मनात शंका असेल तर त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून परत ठेवा, दहाव्या दिवशी पुन्हा बघा. तीन दिवसांत काही बिघडत नाही. दहाव्या दिवशी जिवंत अंडं अर्ध्याहून अधिक गडद झालेलं असतं, तेव्हा शंकेला जागा उरत नाही.

काढलेलं कोरं अंडं फेकून देऊ नका. फोडा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. कोरं दिसणारं प्रत्येक अंडं अफलित नसतं. काही अंडी फलित असतात, पण गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांतच, रक्तवाहिन्या तयार व्हायच्या आधी मरतो. टॉर्चखाली दोन्ही सारखीच दिसतात. फोडल्यावर अफलित अंड्यात तोच छोटा घट्ट पांढरा ठिपका सापडतो. लवकर मेलेल्या अंड्यात पिवळ्यावर नाण्याएवढा किंवा त्याहून मोठा, फिकट, दुधाळ पट्टा पसरलेला असतो. पहिलं दिसलं तर कोंबड्याकडे बघा. दुसरं दिसलं तर कोंबड्याने त्याचं काम केलेलं आहे. साठवण, वाहतूक किंवा मशीनचं तापमान यांत गडबड आहे.

रक्ताचं कडं दिसतंय, म्हणजे काय?

शिरांचं जाळं नाही, मध्ये ठिपका नाही, पण लाल रेघेचं एक ठळक वर्तुळ किंवा अर्धवर्तुळ आहे. म्हणजे गर्भ दोन ते पाच दिवसांच्या दरम्यान मेला आणि शिरांतलं रक्त कडेला जमा झालं. यात शंका घेण्यासारखं काही नाही, अंडं काढायचं.

30 मध्ये एखाद-दुसरं कडं निघणारच, मोठ्या हॅचरीतही निघतं. पाच-सहा निघाली तर मागे वळून बघायला हवं. पहिला संशय जुन्या अंड्यांवर. सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली, दहापर्यंत चालवून घ्या, त्यापुढे रोज थोडी थोडी गळती वाढते. दुसरा संशय उन्हाळ्यावर, आणि त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. तिसरा मशीनच्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान राखणाऱ्या भागावर. पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 ते 37.7 अंश सेल्सिअस हवं. पंखा नसलेल्या पेटीत थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या पातळीला धरून 38.3 ते 38.8. स्वस्त मशीनच्या काट्यावर किंवा डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मेडिकलच्या दुकानातला साधा ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवून ताडून बघा, एका अंशाचा फरक सर्रास सापडतो.

एप्रिल-मेमध्येच इतकी अंडी का मरतात?

गर्भाची वाढ अंडं पडण्याआधीच, कोंबडीच्या पोटात सुरू झालेली असते. बाहेर आल्यावर अंडं थंड होतं आणि वाढ थांबते. साधारण 20 अंशांच्या खाली गर्भ निवांत थांबून राहतो. 27-28 अंशांच्या पुढे तो अर्धवट वाढायला लागतो. पूर्ण वाढावं इतकी ऊब नाही आणि थांबावं इतका गारवा नाही. असे चार-पाच दिवस काढलेला गर्भ मशीनमध्ये जाईपर्यंत थकलेला असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडं होऊन बसतो.

आता अकोल्यात, जळगावात, परभणीत मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय तापमान असतं ते तुम्हीच सांगा. खुराड्यातलं अंडं दुपारपर्यंत तसंच राहिलं की उबवणी तिथेच सुरू. म्हणून उन्हाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा अंडी गोळा करायची. ठेवायला घरातली सगळ्यात गार, अंधारी जागा. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यावर दुसरं भांडं ठेवायचं आणि त्यात अंडी, हा जुना उपाय अजूनही चालतो. फ्रीज टाळा. चार-पाच अंश फार थंड होतं, आणि बाहेर काढल्यावर दमट हवेत अंड्याला घाम फुटतो, त्या ओलीतून जंतू आत शिरतात. उन्हाळ्यात साठवण तीन-चार दिवसांवर आणली तर सातव्या दिवशीच्या कड्यांची संख्या लगेच उतरते.

उन्हाचा फटका कोंबड्यालाही बसतो, तेव्हा अफलित अंडीही थोडी वाढतात. म्हणून फोडून बघणं उन्हाळ्यात जास्तच महत्त्वाचं.

फोडलेली बहुतेक अंडी खरंच अफलित निघाली. आता?

आधी मोजा. 8 ते 10 कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. 25 कोंबड्यांत एकच कोंबडा ठेवून वर त्याच्या नावाने बोटं मोडणारे कमी नाहीत. उलट टोकही वाईट. दहा कोंबड्यांत तीन कोंबडे सोडले तर ते दिवसभर एकमेकांशी भांडतात. कोंबडा लठ्ठ, म्हातारा किंवा पायाने अधू असेल तर बदला. शेपटीखाली उवा-पिसवा आहेत का तेही बघा.

नवा कोंबडा सोडल्यावर आठवडाभराने अंडी गोळा करायला घ्या. जुना कोंबडा काढला तरी कोंबडीच्या शरीरात त्याचं बीज साठून राहतं आणि दोन आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही थोडी जास्त, फलित अंडी मिळत राहतात. कडकनाथसारखी जात शुद्ध ठेवायची असेल तर दुसऱ्या जातीचा कोंबडा हलवल्यापासून तीन आठवडे सोडून द्या. आणि हो, कडकनाथचं मांस काळं असलं तरी अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं म्हणून कोणी चढ्या भावाने काही विकत असेल तर खिशात हात घालू नका.

घरच्या घरी कॅन्डलर कसा बनवू?

चांगली एलईडी टॉर्च आणि पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसी पाइपची छोटी नळी पुरते. नळीचं तोंड अंड्यापेक्षा लहान, अडीच ते तीन सेंटिमीटर व्यासाचं हवं. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून बसवा, मध्ये भोक ठेवा. रबर अंड्याला नीट चिकटतं, कडेने उजेड डोळ्यांवर येत नाही, आणि अंडं टेकवताना कवच टिचत नाही. सगळा खेळ कडेचा उजेड अडवण्याचाच आहे. मोबाइलची टॉर्च पांढऱ्या अंड्याला चालते, तपकिरीला कमी पडते, आणि मोबाइल धरता धरता अंडं निसटतं ते वेगळंच.

जुना पिवळा बल्ब डब्यात घालून वापरत असाल तर सांभाळून. तो तापतो. एलईडीची ऊब जवळजवळ नसते. तरी एका अंड्याला दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ उजेड लावायची गरज पडत नाही.

तेवढ्या वेळात अंडी गार होत नाहीत का?

खुडूक कोंबडी रोज पंधरा-वीस मिनिटं उठून दाणापाणी करून येते, तोवर अंडी उघडीच असतात. एक ट्रे बाहेर काढून दहा मिनिटांत बघून परत ठेवला तर काही होत नाही. मशीनमधली सगळी अंडी एकदम बाहेर मांडून ठेवू नका. हिवाळ्यात पंखा बंद, खिडकी बंद. हात धुवून, कोरडे करून अंड्याला हात लावा. नंतरही साबणाने धुवा.

खुडूक कोंबडीखालची अंडी कधी आणि कशी बघावी?

रात्री, आठव्या दिवशी. अंधारात ती शांत असते. टोपलीत हात घालून एका वेळी दोन-तीन अंडी काढायची, बघायची, परत सरकवायची. दिवसा केलंत तर हातावर चोची बसतील, आणि चिडून उठताना तिच्याच पायाखाली अंडं फुटेल.

बसवताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलची खूण असलीच पाहिजे. इतर कोंबड्या तिच्या टोपलीत गुपचूप नवी अंडी घालून जातात. खूण नसेल तर आठव्या दिवशी ती ताजी अंडी फोल म्हणून मोजली जातात, किंवा पोटाखाली राहतात आणि बाकीची पिल्लं निघाल्यावर कोंबडी त्यांना अर्ध्यावर सोडून पिल्लांमागे निघून जाते. गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत.

चौदाव्या दिवशी काय बघायचं?

अंड्याचा मोठा भाग गडद, वरची हवेची पोकळी स्वच्छ, आणि पोकळीच्या कडेला लाल शिरा ठसठशीत. आत मधूनच हालचाल. मेलेल्या अंड्यात शिरा गायब किंवा तपकिरी पडलेल्या असतात आणि अंडं तिरकं केलं की आतला काळा गोळा सैलपणे एका बाजूला सांडतो.

हवेची पोकळी केवढी असावी?

उबवणीत अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडून जातं, म्हणून पोकळी हळूहळू मोठी होते. अठराव्या दिवशी ती अंड्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागात असते आणि तिची कड तिरपी झालेली असते. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पेन्सिलने तिची कड आखून ठेवा, एकाच अंड्यावर तीन रेघा मिळतात.

याहून पक्कं मोजमाप वजनाचं. अठरा दिवसांत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के घटायला हवं. समजा 30 गावठी अंड्यांचा ट्रे, अंडी सरासरी 45 ग्रॅमची, ट्रे सोडून वजन 1350 ग्रॅम. अठराव्या दिवशी ते 1190 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. सातव्या दिवशी साधारण 63 ग्रॅम कमी झालेले असतील तर गाडी रुळावर आहे. मधे अंडी काढली असतील तर त्यांचं मूळ वजन वजा करायला विसरू नका. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

कोकणात जून-जुलैमध्ये हवेतच इतकी ओल असते की मशीनमध्ये पाण्याची वाटी ठेवली तर पोकळी वाढतच नाही. पिल्लू आत फुगलेलं, ओलं राहतं आणि चोच मारायला जागा मिळत नाही. तिथे पहिले अठरा दिवस पाणी न ठेवताच अनेकांची उबवणी छान होते. विदर्भात एप्रिलमध्ये नेमकं उलटं: पोकळी सातव्या दिवशीच मोठी, पाणी वाढवा. आर्द्रतेचं 50-55 टक्के हे पुस्तकी गणित बरोबर आहे, पण स्वस्त आर्द्रतामापक वाटेल ते दाखवतो. अंड्याचं वजन खोटं बोलत नाही.

पार्सलने मागवलेल्या अंड्यांत पोकळी डुगडुगते आहे.

प्रवासातल्या हादऱ्यांनी पोकळीचा आतला पडदा सुटतो आणि हवेचा बुडबुडा अंडं फिरवलं की आत फिरतो, किंवा एका बाजूला खोगिरासारखा उतरतो. अशी अंडी बोथट टोक वर करून चोवीस तास स्थिर ठेवा, मगच मशीनला लावा. निम्मी निघाली तरी आनंद माना. इथे विकणाऱ्याशी भांडण्याआधी कोरी अंडी फोडून बघायचा नियम पाळा. अंडी फलित होती आणि एसटीच्या टपावर मेली, असं बऱ्याचदा निघतं.

लाइट चार तास गेली होती. अंडी मेली का, लगेच बघू?

लगेच बघून उपयोग नाही. गार पडलेला गर्भ हालचाल थांबवतो, तुम्हाला मेला वाटेल. लाइट जाताच मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा, झाकण उघडून बघत बसू नका. लाइट आल्यावर मशीन नेहमीसारखं चालवा आणि चार दिवसांनी कॅन्डलिंग करा. तापमान 35 वर येऊन तीन-चार तास राहिलं तर वाढ मंदावते आणि पिल्लं काही तास उशिरा निघतात, इतकंच. वर जाणं वाईट. 40.5 अंशांवर पाव तास गेला तरी मोठं नुकसान होतं. थर्मोस्टॅट चिकटून बसणं हे लोडशेडिंगपेक्षा जास्त घातक आहे.

ढग गडगडले की अंडी नासतात, म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. खरं का?

आवाजाने गर्भ मरत नाही. वळवाचा पाऊस येतो तो उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे आधीच उष्णतेने दमलेली अंडी टोपलीत असतात. त्यात पावसाने टोपली भिजते, कोंबडी बावरून उठते, मशीन असेल तर लाइट जाते. सातव्या दिवशी बघून ठेवलं असेल तर गडगडाटाच्या आधीच किती मेली होती ते वहीत असतं. लोखंडाचा तुकडा ठेवायचा तर ठेवा, आजीशी वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त तो अंड्यांना लागणार नाही असा कडेला ठेवा.

नर की मादी हे कळतं का? टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो म्हणतात.

कळत नाही, आणि निघत नाही. अंड्याचा आकार त्या कोंबडीच्या शरीरावर ठरतो, एकच कोंबडी जन्मभर बहुधा एकाच घाटाची अंडी घालते आणि त्यांतून नर-मादी दोन्ही निघतात.

अंड्याला वास येतोय किंवा कवचावर ओलसर थेंब दिसतात.

अंडं न हलवता, हळूच, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर न्या. आत वायू साठलेला असतो. मशीनमध्ये ते फुटलं तर उडालेल्या घाणीतून शेजारची दहा-बारा अंडी बाधतात, आणि तो वास खोलीतून आठवडाभर जात नाही. उजेडात असं अंडं काळपट, ढगाळ दिसतं, पोकळीची कड धूसर असते. मळलेली किंवा पाण्याने धुतलेली अंडी बसवली की हे प्रकार वाढतात. माती लागली असेल तर कोरड्या पॉलिश पेपरने हलकं घासा. फार मळलेलं अंडं बसवूच नका.

कोरी निघालेली अंडी खाता येतात का?

सात दिवस 37 अंशांवर राहिलेलं अंडं माणसांनी खाऊ नये. विकणं तर सोडूनच द्या.

अठराव्या दिवसानंतर बघावं का?

अठराव्या दिवशी शेवटचं. अंडं जवळजवळ पूर्ण काळं, फक्त वरची पोकळी उजळ. आता अंडी रोज फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70 टक्के, झाकण बंद. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू आतला पडदा फोडून पोकळीत चोच घालतं. तेव्हा बघितलं तर पोकळीत चोचीची सावली हलताना दिसते. मोह होतो, पण मशीन उघडलं की दमट हवा निसटते, आणि ज्यांनी कवच टोचलं आहे त्यांच्यावरचा पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. अंडं कानाशी धरून किलबिल ऐकायचीही गरज नाही, मशीनच्या बाहेरूनही ती ऐकू येते.

काही घरांत विसाव्या दिवशी कोमट पाण्यात अंडी सोडून कोणती हलतात ते बघतात. जिवंत पिल्लाचं अंडं पाण्यावर डुचमळतं हे खरं आहे. पण कवच आधीच टोचलेलं असेल तर पिल्लू बुडून मरतं, आणि ते टोचणं वरून नेहमी दिसत नाही. टॉर्च हातात असताना पाणी कशाला?

वहीत काय लिहावं?

तारीख, किती बसवली, किती कोरी, त्यांतली फोडल्यावर खरी अफलित किती, कडी किती, मधली मेलेली किती, कवचात मेलेली किती, निघाली किती. समजा 30 बसवली. 4 अफलित, 2 कडी, 1 मधे मेलं, 2 कवचात मेली, 21 निघाली. बसवलेल्या अंड्यांवर 70 टक्के. पण फलित 26 होती, त्यांवर जवळपास 81 टक्के. पहिला आकडा ऐकून लोक मशीनला नावं ठेवतात, दुसरा ऐकला की मशीन ठीक चाललंय हे कळतं. अंडी दुसऱ्याची आणि मशीन आपलं असेल तर हे दोन्ही आकडे लिहून द्यावेत, फोडलेल्या अंड्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पैशाचा वाद तिथल्या तिथे मिटतो.

21 दिवस झाले, काही अंडी तशीच आहेत. किती थांबू?

तापमान थोडं कमी राहिलं असेल तर बावीसावा दिवसही उजाडतो. तेविसाव्या दिवशी वाट बघणं थांबवा. उरलेली अंडी टॉर्चखाली बघा, हालचाल नसेल तर घराबाहेर नेऊन एकेक फोडा, बोथट टोकाकडून. पिल्लू पूर्ण वाढलेलं, चोच पोकळीत, पण ओलंचिंब: आर्द्रता जास्त होती. पूर्ण वाढलेलं, पडद्याला चिकटलेलं, कोरडं: कमी होती किंवा शेवटी झाकण उघडलं गेलं. डोकं निमुळत्या टोकाकडे: अंडं उलटं बसलं होतं. बरीचशी एकाच वयाला मेलेली: त्या दिवशी मशीनमध्ये काहीतरी झालं, वही उघडून तारीख बघा. मग खड्डा खणून, चुना टाकून सगळं पुरा. उघड्यावर टाकलंत तर कुत्री खुराड्याची वाट शिकतात.